ऑर्फा सूटर आणि राहिलेला दाखला

ऑर्फा सूटरला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. मंडळीच्या उपासनेत ती माझ्या शेजारी बसायची आणि तिचा उजवा पाय सारखा हलत असायचा. त्या पायामुळे अख्खा बाक थरथरायचा. आम्ही मेनोनाइट, शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. आमच्या मंडळीत पेटीबिटी नाही, चार सुरांत नुसत्या गळ्यानं गायचं. बाक हलला की माझा सूर हलायचा.

"अगं, पाय आवर. माझी ओळ चुकते," मी भजनाच्या पुस्तकाआडून कुजबुजायची.

"त्यालाच सांग. माझं तो ऐकत नाही," ती म्हणायची.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये ही बाई आमच्या टेकडीवरच्या विद्यापीठात माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मी तिथं नोंदणी कार्यालयात. तिचं वय तेव्हा सत्तावन्न. वडील वारल्यावर टर्की कोंबड्यांच्या दोन्ही शेडी तिनं चुलतभावाला चालवायला दिल्या होत्या. अंगात इस्त्रीचा निळा झगा, डोक्यावर आमच्या बायांची पांढरी जाळीची टोपी आणि बुटांना अजून शेडीतला भुसा.

"कुठला विषय लिहू?" मी विचारलं.

"शांतता आणि न्याय."

मला हसू आलं. "ऑर्फा, शांतता आपल्याकडे ढिगानं पडली आहे. चारशे वर्षं आपण दुसरं काही पिकवलंच नाही."

"शांततेचा मला कंटाळा आलाय. मला दुसरं हवंय. पण हे लोक दोन्ही जोडीनंच देतात, म्हणून घेतेय."

मी फॉर्म भरला. तिला न्याय कुणासाठी हवा आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

तो हवा होता विल्मरसाठी. विल्मर तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ही चौदाची. हिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, पाढे शिकवले, नांगर धरायला शिकवलं. तिचं लग्न त्या पोराच्या पायी राहिलं असं लोक म्हणायचे. ती म्हणायची की लग्न राहिलं कारण खोऱ्यातले सगळे पुरुष हळू बोलतात आणि त्याहून हळू चालतात.

१९६७ साली अमेरिकेत व्हिएतनामसाठी सक्तीची भरती चालू होती. आमची माणसं बंदूक धरत नाहीत. सरकारलाही ते मान्य होतं. फक्त मुलगा मंडळीचा चांगला सभासद आहे असा दाखला भरती मंडळाकडे वेळेत पोचावा लागे. मग त्या मुलाला युद्धाऐवजी दोन वर्षं एखाद्या इस्पितळात भांडी घासायला पाठवत. आमच्या मंडळीत दाखले द्यायचे डीकननं, म्हणजे मंडळीची शिस्त बघणाऱ्या सेवकानं. डीकन होते लेवाय शँक, म्हणजे माझे वडील. आणि ते टाइप करायचे मी. त्या वसंतात मी अकरा दाखले टाइप केले. बारावा विल्मरचा. तो राहिला.

राहिला म्हणजे काय, तर विल्मरची गाडी उघड्यावरच्या सिनेमाच्या मैदानात उभी असलेली कुणीतरी रस्त्यावरून पाहिली. चेपलेल्या मडगार्डवरून ओळखली. तेव्हा आमच्यात सिनेमा म्हणजे पाप. पप्पा म्हणाले, "त्यानं येऊन पूर्ण कबुली द्यावी, मग दाखला." विल्मर एकदा घरी येऊन गेला, पुन्हा काही आला नाही. पप्पांनीही पुन्हा बोलावणं धाडलं नाही. हे आमचं खास दुखणं. दुसरा येईल म्हणून आम्ही जन्मभर वाट बघत बसतो आणि त्याला सहनशीलता म्हणतो. दोघं वाट बघत राहिले आणि चौदा एप्रिलची मुदत निघून गेली. मे महिन्यात विल्मरला लष्कराचं बोलावणं आलं.

तो दोन वर्षांनी परत आला. डावा कान पार गेलेला, उजवा अर्धा. त्यानंतरच्या रविवारी पप्पांनी उभं राहून वाचून दाखवलं, की विल्मर सूटरनं शस्त्र हाती घेतलं, सबब त्याचं नाव मंडळीच्या यादीतून कमी करण्यात येत आहे. ज्यांनी त्याला वाचवायचं त्यांनीच ढकललं आणि पडला म्हणून घराबाहेर काढलं.  आम्ही पुढचं भजन गायलो. मला आठवतं तसं ऑर्फाचा पाय त्या दिवसापासून हलायला लागला.

आता माझंही सांगून टाकते. त्या गाडीत मी होते.

विल्मर आणि मी एकाच वर्षी जन्मलेले, एकाच वर्गातले. माझं त्याच्यावर प्रेम होतं. ते शब्द मी तेव्हा कुणाला म्हटले नाहीत, त्यालाही नाही. सिनेमा कसला होता ते धड आठवत नाही, घोडे होते एवढं आठवतं. पाहणाऱ्याला खिडकीत माझी पांढरी टोपी दिसली होती, तोंड दिसलं नव्हतं. पप्पांना हवी असलेली 'पूर्ण कबुली' म्हणजे त्या मुलीचं नाव. हे फक्त तिघांना ठाऊक होतं. पप्पांना, विल्मरला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या मला. "मुलगी कोण होती?" असं पप्पा विचारत होते आणि विल्मर गप्प होता. आपण कुणाचं नाव कुणाकडे मागतोय, याची माझ्या बापाला कल्पना नव्हती. मी दार ढकलून आत जाऊ शकले असते. पाच पावलं होती. मी बशा पुसत राहिले.

ऑर्फाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं पोरगा आडमुठा, एका सिनेमाची माफीसुद्धा मागितली नाही. तो डोंगरापलीकडे एका खोऱ्यात ट्रक दुरुस्त करत राहायचा. तिकडचीच बायको केली होती, ती पुढे सोडून गेली. ऑर्फा दर महिन्याला मांस, मुरंबे आणि बोलणी घेऊन त्याच्याकडे जायची. "एक शब्द बोलला असतास तर! एकच! कुणाच्या बापाचं काय गेलं असतं?" असं ओरडायची. ओरडल्याशिवाय त्याला ऐकू येत नसे. तो डावा कान तिच्याकडे करायचा आणि पाना फिरवत बसायचा.

त्यांचे वडील वारले तेव्हा दफनाच्या वेळी तो कुंपणाबाहेर अक्रोडाच्या झाडाखाली उभा राहिला. आम्ही गाऊ लागलो आणि बाहेरून खर्जाचा सूर आला. त्याचाच. अर्ध्या कानानं ऐकून गायलेला, म्हणून किंचित मागे पडणारा. मला रडू कोसळलं. लोकांना वाटलं, शेजारधर्म.

तर अशी ही बाई विद्यापीठात शिकायला आली. वर्गात सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं. तिला पाठ्यपुस्तकापेक्षा खुर्ची जड जायची. तिचे प्राध्यापक मायरन लँडिस, भला माणूस, पण इतका हळू बोलायचा की पहिल्या बाकावरच्यांनाही पुढे झुकावं लागे. एके दिवशी त्यांनी सांगितलं, "भांडण सोडवण्याआधी भांडण ऐकायला शिका. दोघादोघांनी उभं राहून भांडून दाखवा."

तो वर्ग माझ्या कार्यालयाच्या बरोबर खाली. आधी पाच मिनिटं काही ऐकू येईना. नंतर कळलं, पहिली जोडी आमच्याच खोऱ्यातली होती. एक म्हणाला, "तू माझी सायकल न विचारता नेलीस." दुसरा म्हणाला, "माफ कर." पहिला म्हणाला, "नाही, माझंच चुकलं, मी कुलूप लावलं होतं." संपलं भांडण.

मग ऑर्फा उठली. समोर जनेल नावाची एकवीस वर्षांची पोर, तिला शेजारणीचं सोंग दिलं होतं. ऑर्फानं अशी काही तोफ डागली की माझ्या टेबलावरचा कप हलला. "तुम्ही बोलत का नाही? तोंडात काय बटाटा धरलाय? चुकलात तर चुकलो म्हणा, मी चुकले तर मला सांगा! हे गोड हसू नकोय मला!" पहारेकरी धावत आला. जनेल रडायला लागली. लँडिससाहेब कपाळ पुसत म्हणाले, "हं. हे... हे भांडण झालं."

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "पोरीला रडवलंस की गं."

"तिच्या तोंडाच्या जागी दुसरंच तोंड दिसत होतं मला."

"कुणाचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मला वाटलं, हिला कळलंय. पण ती म्हणाली, "तुझ्या बापाचं. राग मानू नकोस."

दुसऱ्या सत्रात प्रबंध लिहायचा होता. प्रबंध म्हणजे नुसतं लिहायचं नाही, खऱ्या तंट्यातल्या दोन्ही बाजू एका टेबलाशी आणायच्या. ज्याला लागलं त्यानं सांगायचं, ज्यानं लावलं त्यानं ऐकायचं आणि कबूल करायचं. पोरांनी खोलीतल्या जोडीदारांची भांडणं निवडली. ऑर्फानं निवडला विल्मर आणि लेवाय शँक. तिला एवढंच हवं होतं, की डीकननं चूक झाली असं मोठ्यानं म्हणावं आणि विल्मरचं नाव यादीत परत चढावं. त्यासाठीच तिनं त्या खुर्च्या सोसल्या होत्या.

फेब्रुवारीत ती आमच्याकडे आली. पप्पा चौऱ्यांऐंशी वर्षांचे. मी घेवड्याचं सूप केलं होतं. तिनं चमचा हातात धरला, तोंडाला लावला नाही.

"लेवाय, विल्मरशी बोलाल का? मी टेबलाशी बसेन फक्त. मध्ये पडणार नाही."

"तो आला तर माझं दार उघडंच आहे," पप्पा म्हणाले.

"तुमचं दार उघडं, त्याचंही उघडं. मध्ये एवढा डोंगर. उठायचं कुणी?"

"ज्याची चूक त्यानं."

"तेच म्हणतेय मी!"

पप्पांनी रुमालानं तोंड पुसलं. "वेल्डा, ऑर्फाला अजून सूप वाढ."

आमच्या खोऱ्यात हा शेवटचा शब्द असतो. वाढ म्हटलं की विषय संपला. पण ऑर्फा माझ्याकडे वळली. "त्या वर्षीचे दाखले तूच टाइप केलेस ना गं? विल्मरचा तुझ्यापर्यंत आलाच नव्हता का? कुणी विचारलंही नाही?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

आम्ही कोर्टात शपथ घेत नाही, कारण आमचं होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही असावं, अशी शिकवण आहे. 'आठवत नाही' विषयी शास्त्रात काही सांगितलेलं नाही. मी वाटी भरून सूप वाढलं. ते तिनं तसंच ठेवलं आणि उठून गेली.

त्यानंतर मला झोप लागेना, दिवसा काम सुचेना. विद्यार्थ्यांच्या नोंदी चुकवू लागले. एका मुलाला मी संगीताऐवजी पशुपालनात घातलं. ऑर्फा रोज खिडकीशी यायची, हे पुस्तक मिळालं का, ती तारीख वाढेल का. दर वेळी तोंडापर्यंत शब्द यायचे आणि मी विचारायची, "कॉफी घेतेस?" बापाची मुलगी.

आता विचारणेचं सांगायला हवं. वर्षातून दोनदा आमच्याकडे प्रभुभोजन असतं. त्या दिवशी भाकरी मोडायची, द्राक्षरस घ्यायचा, मग बायांनी बायांचे आणि पुरुषांनी पुरुषांचे पाय धुवायचे. ऑर्फा आणि मी सत्तावीस वर्षं एकमेकींचे पाय धूत आलोय. पण त्याआधीच्या रविवारी विचारणा. डीकन एकेकाचं नाव घेऊन विचारतो, "देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे का?" आपण उभं राहून म्हणायचं, "आहे. मला भोजनात भाग घ्यायचा आहे." एकानं जरी नाही म्हटलं तरी ती गाठ सुटेपर्यंत भोजन थांबतं, असा नेम. तो वापरायची वेळ माझ्या आयुष्यात आली नव्हती. आजूबाजूच्या मंडळ्यांनी ही पद्धत कधीच सोडली. आम्ही सोडली नाही, कारण ती सोडू या असं म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही. पप्पांनी डीकनपद सोडून दहा वर्षं झाली होती, तरी विचारणा तेच करत. त्यांना तरी कोण सांगणार?

एप्रिलचा तो रविवार. पप्पा लहान टेबलामागे काठी धरून उभे. नावं पुढे सरकत होती. आहे, आहे, आहे. थोरल्यांचं आहे, पोरांचं आहे. आमच्या बाकापर्यंत आले. बाक इतका हलत होता की भजनाची पुस्तकं घरंगळत कडेला आली.

"ऑर्फा सूटर. देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे का?"

"नाही," ऑर्फा म्हणाली.

पप्पांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही. सत्तावीस वर्षं मी खोटं बोलत आले. चोपन्न वेळा. आज नाही बोलणार. आणि लेवाय, मला एक सांगा. तुम्ही आम्हा सगळ्यांना विचारता. तुम्हाला कोण विचारतं?"

 पुढच्या बाकावरच्या एका बाईनं सवयीनं पर्समधून गोळी काढून नातवाच्या तोंडात घातली.

"मग मीच विचारते," ऑर्फा म्हणाली. आवाज तिच्या शेडीतला, उपासनेतला नव्हे. "लेवाय शँक, माझ्या भावाशी तुमची शांती आहे का?"

पप्पांचे ओठ हलले. "मी वाट बघत होतो," ते एवढंच म्हणाले.

"तोही बघत होता!"

पप्पा खुर्ची चाचपत खाली बसले. पाळकानं घाईघाईनं उठून प्रार्थना सांगितली आणि सभा संपवली. पुढचं नाव माझं होतं. ते घेतलंच गेलं नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या वाटण्याची किळसही आली.

त्या वसंतात आमच्याकडे प्रभुभोजन झालं नाही. लोक दुकानात ऑर्फाला भेटले की हवेविषयी बोलायचे. काहींनी तिच्या दारात न सांगता पाव आणि लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. आमच्याकडे हे रागाचंही लक्षण असतं आणि मायेचंही. "कुठली बरणी कुठल्या कारणाची, चिठ्ठी तरी लावा म्हणावं," ऑर्फा म्हणाली.

पप्पा चार दिवस जेवले नाहीत. शुक्रवारी त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला.

"मी टाइप करून देऊ?" मी विचारलं.

"नको. या वेळी मी लिहितो."

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः ऑर्फाला फोन केला. "तुझी गाडी मोकळी आहे का?" एवढंच विचारलं. ती वीस मिनिटांत दारात. पप्पा निघाले तेव्हा त्यांच्या काखेत इनॅमलची पांढरी परात आणि टॉवेल होता, पाय धुवायच्या विधीतला.

"हे कशाला?" ऑर्फानं विचारलं.

"लागेल," पप्पा म्हणाले.

ट्रकमध्ये पुढे आम्ही तिघं, मी मध्ये. ऑर्फाचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता, त्यामुळे तो हलण्याऐवजी अख्खी गाडीच हिसके खात होती. घाटात पप्पांच्या मांडीवरची परात प्रत्येक वळणाला माझ्या बरगडीत घुसायची. रस्ता दोन तासांचा. मी मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते. तिकडे पोचूच नये असं वाटत होतं, आणि एवढा वेळ का लागतोय असंही.

विल्मरच्या अंगणात एक लाकडं वाहायचा ट्रक ठोकळ्यांवर चढवलेला. त्याखालून दोन बूट बाहेर आलेले. आतून हातोड्याचा आवाज. एक पिवळी कुत्री उठून भुंकली आणि परत झोपली.

पप्पांनी कुणाला हाक मारली नाही. त्यांनी नळावरून परात भरली, ती सांडत सांडत आणली, आणि काठी टाकून ते त्या बुटांसमोर गुडघ्यांवर बसले. चौऱ्यांऐंशी वर्षांचा माणूस, त्या तेलकट मातीत. मग ते बुटाची नाडी सोडायला लागले. मी पाहत राहिले. माझ्या बापाला पाय धुणं जमत होतं. बोलणं जमत नव्हतं.

बूट दचकला. "कोण आहे?" आतून आवाज आला.

"लेवाय आलेत!" ऑर्फा ओरडली.

हातोडा थांबला. मग, "माझ्या बुटाशी काय करतायत?"

"पाय धुणार म्हणतायत!"

"पाय मी काल धुतलेत. काय ते बोला म्हणावं."

पप्पांनी खिशातून कागद काढला. वाचायला लागले. विल्मर सूटर हा आमच्या मंडळीचा चांगला सभासद असून, वगैरे. दाखलाच होता तो, तीस वर्षांनी. बैल गेला आणि झोपा केला. आवाज नेहमीसारखाच, प्रार्थनेत असतो तसा, जवळ उभ्या असलेल्या मलाही निम्मा ऐकू आला नाही.

"मोठ्यानं!" विल्मर म्हणाला. "मला कान नाहीत, ठाऊक आहे ना? का नाहीत तेही ठाऊक आहे."

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. गाई आवरताना नाही, आई गेली तेव्हा नाही. त्यांनी कागद खाली ठेवला. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग ते ओरडले, फाटक्या, किरट्या आवाजात, "दाखला मी द्यायला हवा होता! चूक माझी होती!"

कुत्री पुन्हा उठली. ऑर्फानं तोंडावर हात दाबून धरला होता. याच वाक्यासाठी ती टर्की सोडून टेकडी चढली होती.

 मग विल्मर म्हणाला, "का दिला नाहीत?"

"तू त्या मुलीचं नाव सांगितलं नाहीस म्हणून!"

"कुठली मुलगी?" ऑर्फानं झटकन विचारलं. "विल्मर! कुठली मुलगी? मुलीचं काय आहे यात?"

पप्पांनी बुटांकडे पाहिलं. ऑर्फानं बुटांकडे पाहिलं. आतून पाना फिरल्याचा आवाज यायला लागला. इतक्या वर्षांनंतर, या वेळीसुद्धा, तो सांगणार नव्हता. ट्रकखाली पाठीवर पडून तो नट आवळत होता आणि मला अजून एकदा वाचवत होता. मला त्याचा रागच आला. त्याचा, माझा, त्या बशांचा, सगळ्याचा.

मी ट्रकजवळ गेले, वाकले आणि ओरडले. मला माझा तो आवाज ओळखू आला नाही.

"विल्मर! त्या गाडीत मी होते!"

पाना थांबला.

"मला काय सांगतेस?" तो म्हणाला. "गाडी मीच चालवत होतो. त्यांना सांग."

मी वळले. पप्पा मातीतच बसले होते, हातात बुटाची सुटलेली नाडी. ऑर्फा त्यांच्यामागे उभी. दोघंही चार हातांवर होते, ओरडायची गरज नव्हती. तरी मी ओरडूनच सांगितलं. टोपी माझी होती, दाराआड मी होते, तारीख मला ठाऊक होती, दाखले मी टाइप केले, फेब्रुवारीत तुला आठवत नाही म्हटलं ते खोटं होतं. सगळं. घसा बसेपर्यंत.

पप्पांनी मान खाली घातली.  ऑर्फानं जवळची एक बादली पालथी केली आणि तिच्यावर बसली, माझ्या तोंडाकडे बघत. सवयीनं माझी नजर तिच्या उजव्या पायाकडे गेली. तो हलत नव्हता. सत्तावीस वर्षं मी तिच्या शेजारी बसत आलेय, पण तिची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.